सामना संपतो, गर्दी पांगत नाही

खेळाच्या चाहत्याची निष्ठा सहसा बदलत नाही, असे सर्वत्र मानले जाते. माणूस नोकरी बदलतो, गाव बदलतो, प्रसंगी राजकीय पक्षही बदलतो. परंतु लहानपणी ज्या संघासाठी त्याने नखे कुरतडलेली असतात तो संघ मात्र तो म्हातारपणीही सोडत नाही, अशी ही समजूत आहे. मुंबईच्या वानखेडे मैदानाने 2024 साली या समजुतीला एक कोडे घातले. 1 एप्रिल 2024 रोजी मुंबई इंडियन्सचा कर्णधार हार्दिक पंड्या आपल्याच मैदानावर नाणेफेकीसाठी आला, तेव्हा त्याच्याच संघाची निळी जर्सी घातलेल्या प्रेक्षकांनी त्याची इतकी हुर्यो उडवली की सूत्रसंचालक संजय मांजरेकर यांना प्रेक्षकांना नीट वागण्याबद्दल जाहीर सूचना करावी लागली. त्यानंतर 94 दिवसांनी, 4 जुलै रोजी, त्याच मैदानात त्याच माणसाच्या नावाचा जयघोष झाला.

जयघोषाचे कारण शोधावे लागत नाही. 29 जून रोजी बार्बाडोसमध्ये टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात 16 धावा हव्या असताना चेंडू पंड्याच्या हाती होता आणि भारत 7 धावांनी जिंकला. कोडे आहे ते हुर्योचे. पंड्याने मुंबईकडून खेळताना झेल सोडला नव्हता, सामना घालवला नव्हता, किंबहुना त्या हंगामातील मुंबईचा पहिला चेंडू पडण्यापूर्वीच, 24 मार्चला अहमदाबादेत, ती सुरू झाली होती. अहमदाबादकरांचा रोष समजण्यासारखा होता, कारण पंड्या त्यांचा संघ सोडून मुंबईला आला होता. पण ज्यांच्याकडे तो आला त्यांनीही त्याचे तसेच स्वागत करावे, याचा उलगडा मैदानावरच्या कोणत्याही घटनेतून होत नाही. तो करायचा तर चाहता नावाचे नाते कसे घडते आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्याच्या घडणीत काय बदलले, हे पायरीपायरीने पाहावे लागते.

हुर्यो जुनीच आहे

प्रेक्षकांचा संताप समाजमाध्यमांनी जन्माला घातला, असा एक सोपा समज आढळतो. मुंबईच्या क्रिकेटचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. नोव्हेंबर 1969 मध्ये ब्रेबॉर्न मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत वेंकटराघवनला यष्टीमागे झेलबाद ठरवण्यात आले आणि त्या निर्णयावरून प्रेक्षकांत जाळपोळीपर्यंत मजल गेली. त्या काळी मैदानात बसलेले अनेक जण कानाला ट्रान्झिस्टर लावून समालोचन ऐकत असत, आणि निर्णय चुकल्याचा रेडिओवरचा सूर हेही त्या भडक्याचे एक कारण मानले गेले. म्हणजे बाहेरून आलेला आवाज मैदानातल्या गर्दीला पेटवू शकतो, हेही नवे नव्हते. मार्च 2006 मध्ये तर इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत एका धावेवर बाद होऊन परतणाऱ्या सचिन तेंडुलकरचीच वानखेडेवर हुर्यो उडाली होती. ज्या शहराने त्याला डोक्यावर घेतले, त्याच शहराने ती उडवली.

मात्र या दोन्ही प्रसंगांत रागाला मैदानात घडलेले काहीतरी निमित्त होते, आणि तो राग जिथे जन्मला तिथेच बहुतांशी विझला. गर्दी ही मुळात फार थोड्या काळाची वस्ती असते. तिला भिंती असतात, तिला सामना संपण्याची वेळ असते, आणि मुंबईत तर तिला चर्चगेटहून सुटणारी लोकल पकडायची असते. नॉर्थ स्टँडमध्ये शेजाऱ्याच्या गळ्यात गळा घालून ओरडणारा माणूस डब्यात शिरला की पुन्हा कुणाचा तरी कारकून, कुणाचा तरी बाप होत असे. उरलेला राग दुसऱ्या दिवशी कचेरीत, कट्ट्यावर किंवा वृत्तपत्राला लिहिलेल्या पत्रात उतरे; संदीप पाटील यांच्या संपादकत्वाखाली निघणाऱ्या ‘एकच षटकार’सारख्या नियतकालिकाला पत्र पाठवायचे तर कागद, पाकीट, तिकीट आणि पोस्टाची पेटी एवढे टप्पे होते. या प्रत्येक टप्प्यावर राग थोडाथोडा निवत असे. टपालाच्या दिरंगाईने किती भांडणे मिटवली असतील याची मोजदाद कुणी केलेली नाही.

‘आपण’ कसे तयार होते

चाहतेपणाचा पाया खेळात नाही, गटभावनेत आहे, आणि ही भावना किती क्षुल्लक निमित्ताने उभी राहते हे हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांनी 1970 च्या सुमारास दाखवून दिले. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील शाळकरी मुलांना त्यांनी दोन गटांत विभागले आणि ही विभागणी क्ले व कँडिन्स्की या चित्रकारांपैकी कुणाची चित्रे आवडतात त्यावरून केल्याचे सांगितले. प्रत्यक्षात ती चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केलेली होती. प्रयोगादरम्यान मुलांचा एकमेकांशी समोरासमोर संबंध आला नाही, आपल्या गटात कोण आहे हेही त्यांना ठाऊक नव्हते. तरीही इतरांना पैसे वाटून देण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. त्याहून लक्षणीय बाब अशी की, आपल्या गटाच्या पदरात एकूण कमी पडले तरी चालेल पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त पडले पाहिजे, असा पर्याय अनेकांनी पसंत केला. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक स्पर्धेत ‘ए’ विंग विरुद्ध ‘बी’ विंग हा सामना पाहिलेल्या कोणालाही या निष्कर्षाचे आश्चर्य वाटणार नाही.

कोल्हापुरात शिवाजी तरुण मंडळ किंवा पाटाकडील तालीम मंडळ या फुटबॉल संघांच्या पाठीराख्यांना संघ निवडावा लागत नाही. ज्या पेठेत जन्म झाला तिची तालीम हाच आपला संघ, आणि शाहू स्टेडियममध्ये बसण्याची जागाही जवळपास जन्मानेच ठरते. आयपीएलची रचना याच्या अगदी उलट आहे. 2008 साली सुरू झालेल्या या स्पर्धेत खेळाडू लिलावातून येतात, तीन वर्षांनी संघाचा निम्मा चेहरा बदलतो, आणि शहराचे नाव हेच काय ते त्या संघाचे शहराशी नाते. तरीही लोक त्यासाठी भांडतात, कारण ताजफेलच्या मुलांप्रमाणेच त्यांना एक नाव आणि एक रंग पुरतो. मार्च 2024 मध्ये याच वानखेडेवर मुंबईने विदर्भाचा पराभव करून 42 व्यांदा रणजी करंडक जिंकला. मुंबईच्या मातीत घडलेल्या खेळाडूंचा हा विजय होता, आणि दोन आठवड्यांनी शहराच्या तोंडी विषय होता तो मुंबई इंडियन्सच्या कर्णधारपदाचा. खेळातील खरी मुळे आणि चाहत्यांची तीव्रता यांचा संबंध किती सैल झाला आहे, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

गटाशी जोडलेली ही नाळ नफ्यातोट्याप्रमाणे ताणली किंवा सैल केली जाते, हे रॉबर्ट सियाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 साली अमेरिकी विद्यापीठांत नोंदवले. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी त्याची चिन्हे असलेले कपडे घालणारे विद्यार्थी वाढत, आणि सामन्याविषयी बोलताना विजयासाठी ‘आम्ही’ तर पराभवासाठी ‘ते’ असे सर्वनाम तोंडी येई. दुसऱ्याच्या यशाची ऊब घेण्याच्या या प्रवृत्तीला परावर्तित तेजात न्हाणे असे म्हणता येईल. मराठीची सोय तर आणखी बारीक आहे: ऐकणाऱ्यालाही सामावून घेणारे ‘आपण’ जिंकल्यावर वापरले जाते, आणि हरल्यावर कर्णधाराचे नाव घेऊन वाक्य सुरू होते.

संघाकडून माणसाकडे

आतापर्यंतची यंत्रणा जुनी आहे. फोनने तिच्यात घातलेली पहिली मोठी भर अशी की निष्ठेचा केंद्रबिंदू संघावरून व्यक्तीवर सरकला. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या संशोधकांनी 1956 मध्ये, दूरचित्रवाणी नवी असताना, प्रेक्षकाला पडद्यावरच्या माणसाविषयी वाटणाऱ्या एकतर्फी ओळखीला ‘पॅरासोशल’ असे नाव दिले. पॅरासोशल नाते म्हणजे एका बाजूने संपूर्ण खरे आणि दुसऱ्या बाजूने अस्तित्वातच नसलेले नाते. प्रेक्षक त्या माणसाच्या आवाजाचे चढउतार ओळखतो, त्याच्या आजारपणाने अस्वस्थ होतो. त्या माणसाला मात्र प्रेक्षकाचे नावही माहीत नसते.

दूरचित्रवाणीच्या काळात हे नाते सामन्यापुरते होते. आता खेळाडूची न्याहारी, त्याची मुलगी, त्याचा कुत्रा, विमानतळावरचा त्याचा चष्मा हे सर्व चाहत्याच्या तळहातावर, त्याच्या स्वतःच्या भावाबहिणींच्या छायाचित्रांच्या मधोमध येते. मेंदूला ‘घरचे’ आणि ‘पडद्यावरचे’ असा फरक करण्याची जी बाह्य खूण होती, म्हणजे दिवाणखान्यातला वेगळा खोका, तीच नाहीशी झाली. शिवाय संघाला चेहरा नसतो. छोट्या पडद्यावर चेहरा चालतो, बोधचिन्ह चालत नाही. लिओनेल मेस्सी 2023 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील इंटर मायामी या संघात गेला, तेव्हा त्या संघाचे इन्स्टाग्रामवरील अनुयायी सुमारे दहा लाखांवरून काही आठवड्यांत एक कोटीच्या पुढे गेले. ही माणसे मायामीची चाहती झाली नव्हती. ती मेस्सीच्या मागोमाग बिऱ्हाड हलवून आली होती.

भारतात याचा सर्वांत मासलेवाईक नमुना चेन्नईचा आहे. 2023 च्या हंगामात रवींद्र जडेजाने हसत हसत सांगितले होते की, तो वरच्या क्रमांकावर फलंदाजीला आला तर लोक त्याच्या बाद होण्याची वाट पाहतील, कारण त्यानंतर महेंद्रसिंह धोनी येणार असतो. पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये कोलकात्याविरुद्धच्या सामन्यात तर जडेजाने स्वतः फलंदाजीला निघाल्याचा आविर्भाव केला आणि अर्ध्या वाटेवरून मागे फिरून धोनीला वाट करून दिली. चेन्नईच्या चेपॉक मैदानाचे छत उडायचे तेवढे बाकी राहिले. आपल्याच संघाचा गडी बाद व्हावा अशी इच्छा धरणारा चाहता संघनिष्ठेच्या जुन्या व्याख्येत बसत नाही. व्यक्तिनिष्ठेच्या व्याख्येत तो अगदी नीट बसतो.

पैशाच्या ‘फँटसी’ खेळांनीही याच दिशेने धक्का दिला. त्यांत खेळणारा दोन्ही संघांतून मिळून अकरा खेळाडू निवडत असे आणि प्रत्येकाच्या धावा, बळी, झेल यांचे गुण मोजत असे. त्यामुळे आपला संघ जिंकला तरी आपल्या यादीतला प्रतिस्पर्धी गोलंदाज अपयशी ठरला म्हणून हळहळणारा एक विचित्र प्रेक्षक तयार झाला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ बंद केले. सवय मात्र कायद्याने बंद होत नाही, आणि सामना अकरा जणांचा म्हणून पाहण्याऐवजी अकरा सुट्या हिशेबांची वही म्हणून पाहण्याची ही सवय दशकभराची आहे.

वाढपी आणि ठेचा

दुसरी भर अधिक महत्त्वाची आणि कमी दिसणारी आहे. समाजमाध्यम उघडल्यावर एकाखाली एक सरकत जाणाऱ्या मजकुराला फीड म्हणतात, आणि लाखो नोंदींपैकी कोणती नोंद कोणाला आधी दिसावी हे ठरवणाऱ्या गणिती नियमावलीला अल्गोरिदम. ही नियमावली काय करते हे समजण्यासाठी खानावळीतल्या वाढप्याची कल्पना करावी. या वाढप्याला गिऱ्हाइकाशी बोलण्याची परवानगी नाही. ताटातला कोणता पदार्थ आधी संपतो एवढेच तो पाहतो आणि तोच पुन्हा वाढतो. गिऱ्हाइकाने ठेच्याला बोट लावले, जीभ भाजली, पाणी प्यायले, आणि तरी पुन्हा एकदा बोट लावले. वाढपी याचा अर्थ एकच काढतो: याला ठेचा फार आवडतो. दुसऱ्या दिवशी वरण कमी आणि ठेचा जास्त, तिसऱ्या दिवशी ताटभर ठेचा. गिऱ्हाइकाचे पोट बिघडले की काय, हा प्रश्न त्याच्या कामाच्या कक्षेत येत नाही, कारण त्याच्या मालकाचे उत्पन्न गिऱ्हाईक किती वेळ बाकावर बसून राहते यावर अवलंबून असते.

या ठेच्याचे घटकही ठाऊक आहेत. विल्यम ब्रॅडी आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नांवरील पाच लाखांहून अधिक ट्वीट तपासले, आणि नैतिक आणि भावनिक अशा दोन्ही छटा असलेला प्रत्येक जादा शब्द त्या ट्वीटचा प्रसार सुमारे 20 टक्क्यांनी वाढवतो असे त्यांना आढळले. अभ्यास राजकारणाचा असला तरी क्रिकेटच्या भांडणाला तो चपखल लागू पडतो. ‘मधल्या षटकांत त्याचा स्ट्राइक रेट घसरतो’ हे विधान खरे असूनही जागीच बसते; ‘गद्दार’, ‘विश्वासघात’, ‘अपमान’ हे शब्द धावत सुटतात. अशा रीतीने खेळाचा प्रश्न चारित्र्याचा प्रश्न होतो, आणि चारित्र्याच्या प्रश्नावर कुणीच बरोबरी मान्य करत नाही.

ब्रॅडी आणि इतर सहकाऱ्यांनी 2021 मध्ये पुढची पायरी दाखवली: संतापलेल्या नोंदीला पसंती आणि प्रसार मिळाला की तो लिहिणारा पुढल्या वेळी अधिक संतापून लिहितो. म्हणजे वाढपी गिऱ्हाइकाला ओळखतो एवढेच नव्हे, तो हळूहळू गिऱ्हाइकाची जीभही बदलतो.

चौकट : चाहत्याच्या खिशातील क्रांती
2006 : फेसबुकवर फीड सुरू, त्याच वर्षी ट्विटरचा आरंभ.
2009 : फेसबुकवर ‘लाइक’ आणि ट्विटरवर ‘रीट्वीट’ ही बटणे आली, दुसऱ्याचा राग एका स्पर्शात पुढे ढकलणे शक्य झाले.
2016 : इन्स्टाग्राम आणि ट्विटर यांनी नोंदी केवळ वेळेच्या क्रमाने दाखवणे सोडले, सप्टेंबरमध्ये भारतात जिओमुळे मोबाइल डेटा स्वस्त झाला.
2020 : टिकटॉकवर बंदी आल्यानंतर काही दिवसांतच भारतात इन्स्टाग्राम रील्स सुरू, सामन्याचे एकक षटकावरून काही सेकंदांच्या तुकड्यावर आले.
2023 : आयपीएल मोबाइलवर विनामूल्य, मराठीसह 12 भाषांत. 2023 ते 2027 या काळासाठी भारतातील डिजिटल हक्कांची किंमत (23,758 कोटी रुपये) दूरचित्रवाणीच्या हक्कांपेक्षा (23,575 कोटी रुपये) पुढे गेली.

या यंत्रणेची आणखी एक खोड अशी की ती थोड्यांचा आवाज सर्वांचा वाटेल इतका मोठा करते. प्यू संशोधन केंद्राने 2019 मध्ये अमेरिकेतील प्रौढ ट्विटर वापरकर्त्यांची पाहणी केली, तेव्हा सर्वाधिक सक्रिय अशा 10 टक्के लोकांकडून 80 टक्के ट्वीट येत असल्याचे दिसले. सभागृहात शंभर माणसे बसली असून दहाच जण माइकवर बोलत आहेत, आणि त्यांपैकी जो सर्वांत जोरात ओरडतो त्याचा माइक आपोआप मोठा होतो आहे, असे हे चित्र आहे. उरलेले नव्वद गप्प आहेत ते सहमत आहेत म्हणून की कंटाळले आहेत म्हणून, हे कुणालाच कळत नाही. तरीही संघमालक, पत्रकार आणि खुद्द खेळाडू यांना ‘चाहत्यांचे मत’ म्हणून ऐकू येते ते त्या दहांचेच.

पंधरा डिसेंबर ते एक एप्रिल

आता मूळ कोड्याकडे वळता येईल. रोहित शर्मा 2013 च्या हंगामात मध्येच मुंबई इंडियन्सचा कर्णधार झाला आणि त्याच्या नेतृत्वाखाली संघाने 2013, 2015, 2017, 2019 आणि 2020 अशी पाच विजेतेपदे मिळवली. 19 नोव्हेंबर 2023 रोजी अहमदाबादेत भारत एकदिवसीय विश्वचषकाचा अंतिम सामना हरला, आणि मान खाली घालून, डोळ्यांत पाणी घेऊन मैदान सोडणाऱ्या रोहितचे दृश्य कोट्यवधी फोनांवर पुनःपुन्हा फिरले. पॅरासोशल नाते सर्वांत घट्ट होते ते दुःखाच्या क्षणी. त्यानंतर 26 दिवसांनी, 15 डिसेंबरला, संघाने कर्णधारपद पंड्याकडे दिल्याचे जाहीर केले.

व्यावसायिक दृष्टीने हा निर्णय चुकीचा होता असे म्हणता येत नाही. पंड्या 2015 ते 2021 या काळात मुंबईकडूनच घडला होता आणि गुजरात टायटन्सला त्याने पहिल्याच वर्षी, 2022 मध्ये, विजेतेपद मिळवून दिले होते. पण ज्या चाहत्याच्या लेखी रोहित हाच संघ होता, त्याच्या दृष्टीने ही बदली नव्हती. घरातल्या कर्त्या माणसाला पाहुण्याने खुर्चीवरून उठवावे तसा तो प्रसंग होता. घोषणेनंतर मोठ्या संख्येने लोकांनी संघाची खाती सोडली. जर्सी जाळतानाची चित्रे फिरली. आणि अशी चित्रे फिरतात कारण जाळणारा एक असला तरी पाहणारे लाखो असतात.

जुन्या काळी या रागाला तीन महिने उपास घडला असता, कारण डिसेंबर ते मार्च आयपीएलचा सामनाच नसतो. फीडला मात्र हंगाम नसतो. मैदान बंद असताना जुन्या तुकड्यांतून नवे पुरावे काढले जात होते: कोणी कोणाशी हात मिळवला नाही, कोणी कोणाची नोंद ‘लाइक’ केली. मार्च उजाडेपर्यंत हुर्यो ही एक ठरलेली भूमिका झाली होती, जशी दहीहंडीला येणाऱ्याला ‘गोविंदा’ म्हणायचे असते हे आधीपासून ठाऊक असते. 1 एप्रिलला वानखेडेवर आलेल्या कित्येकांनी ती मनातल्या रागापोटी दिली असेल, आणि कित्येकांनी ती द्यायची असते म्हणून, हातातल्या फोनवर टिपता टिपता दिली असेल. मैदानातल्या गर्दीचा पडसाद माध्यमांत उमटण्याचा जुना क्रम येथे उलटला होता: माध्यमातले भांडण तिकीट काढून मैदानात आले होते.

ज्यांच्या नावाने हे चालले होते त्यांनाच ते थांबवावेसे वाटले, हा भाग विसरला जातो. त्याच सामन्यात रोहितने प्रेक्षकांना शांत राहण्याची खूण केली, आणि 11 एप्रिलला प्रतिस्पर्धी संघातून खेळणाऱ्या विराट कोहलीनेही पंड्या हा भारताचा खेळाडू असल्याची आठवण हावभावांनी करून दिली. एकतर्फी नात्याची गंमत येथे दिसते: दुसऱ्या बाजूचा माणूस प्रत्यक्ष समोर उभा राहून ‘पुरे’ म्हणतो, तरी नाते त्याचे ऐकत नाही, कारण ते कधी त्याच्याशी नव्हतेच. मुंबई इंडियन्स त्या हंगामात 14 पैकी 4 सामने जिंकून तळाला राहिला. अपयशाचे खापर अर्थातच एकाच माथ्यावर फुटले.

पडद्यापलीकडची माणसे

हुर्यो ऐकून खेळाडू हॉटेलवर परततो आणि दार लावून घेतो. फोनवर येणाऱ्या शिव्यांना दार नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा गड्यांनी हरला, तेव्हा मोहम्मद शमीला त्याच्या धर्मावरून लक्ष्य केले गेले. सप्टेंबर 2022 मध्ये आशिया चषकात झेल सुटल्यावर अर्शदीप सिंगच्या वाट्याला तेच आले, आणि विकिपीडियावरील त्याच्या माहितीतही खोडसाळ बदल केले गेले. इंग्लंडमध्ये अशाच छळाच्या निषेधार्थ 2021 च्या एप्रिल-मे महिन्यांच्या संधीवर फुटबॉल संघांनी आणि संघटनांनी चार दिवस समाजमाध्यमांवर बहिष्कार घातला होता. दहा आठवड्यांनी युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पेनल्टी हुकलेल्या रॅशफर्ड, सँचो आणि साका या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंवर वंशद्वेषाचा वर्षाव झाला. बहिष्काराने काही साधले नाही, असाच त्याचा अर्थ घ्यावा लागतो.

या दारे नसलेल्या गर्दीचे दुसरे रूप अधिक भीषण आहे. 3 जून 2025 च्या रात्री बेंगळुरूच्या संघाने अठरा हंगामांच्या प्रतीक्षेनंतर आयपीएल जिंकली. दुसऱ्या दिवशी सकाळी संघाच्या समाजमाध्यम खात्यांवरून विजययात्रेचे आवाहन प्रसृत झाले आणि काही तासांत, सुमारे 35 हजार प्रेक्षकांची सोय असलेल्या चिन्नास्वामी मैदानाभोवती लाखोंची गर्दी जमली. चेंगराचेंगरीत 11 जणांचा जीव गेला. पूर्वी एवढी माणसे गोळा व्हायला वृत्तपत्रातील बातमी, भित्तिपत्रके आणि तोंडी निरोप यांना दिवसचे दिवस लागत, आणि तेवढ्या अवधीत पोलिसांना बांबू बांधून रांगा आखता येत असत. फोनने बोलावणे क्षणाचे केले. रस्ते, फाटके आणि माणसाच्या छातीची सहनशक्ती जुनीच राहिली. संघांनी पोलिसांची लेखी परवानगी हाती येईपर्यंत असे एकही आवाहन करू नये, हा नियम प्रत्येक राज्याने करायला हवा आणि मोडणाऱ्याला जबर दंड ठेवायला हवा.

ज्यांना पूर्वी जागाच नव्हती

या सर्वांवरून फोनने चाहतेपणाची नासाडीच केली असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल, कारण जुन्या चाहतेपणाचे दार फार अरुंद होते. वानखेडेचे तिकीट, रात्री उशिरा एकटीने परतण्याची मुभा, इंग्रजी समालोचन कळणे या अटींतून किती जण, आणि विशेषतः किती जणी, पार होत होत्या? आज गडचिरोलीचा मुलगा मराठी समालोचन ऐकत सामना पाहू शकतो, आणि न्यू जर्सीत राहणारी मुंबईकर बाई सकाळचा चहा घेत त्याच क्षणी त्याच चेंडूवर ओरडू शकते. सांगलीच्या स्मृती मानधनाची ओळख घरोघरी पोहोचण्यात दूरचित्रवाणीइतकाच फोनवरच्या छोट्या तुकड्यांचा वाटा आहे. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा खचाखच भरलेल्या स्टँडमध्ये मुलींची संख्या डोळ्यांत भरणारी होती. वाढप्याच्या हातात ठेच्याखेरीज इतरही वाट्या असतात, एवढे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

पंड्याचे पुढे काय झाले, हे त्या मानाने कमी जणांनी पाहिले, कारण त्यात भांडण नव्हते. कर्णधारपद त्याच्याकडेच राहिले आणि रोहित त्याच्या नेतृत्वाखाली खेळत राहिला. 16 मे 2025 रोजी वानखेडेवर रोहित शर्मा स्टँडचे उद्घाटन झाले. पाच दिवसांनी, 21 मे रोजी, मुंबईने त्याच मैदानावर दिल्लीला 59 धावांनी हरवून प्लेऑफमध्ये प्रवेश केला, आणि त्या रात्री हुर्यो कुणाचीच उडाली नाही.